‘ते’ म्हणजे काय?

बूच हाताला लागलं तेव्हा ती पर्समध्ये चष्मा शोधत होती. शेकायच्या रबरी पिशवीचं बूच... हे इथे, शब्दकोशाच्या कचेरीत? मग आठवलं : सकाळी जेवणाच्या टेबलावरून चष्म्याबरोबर आपणच ते उचललं. म्हणजे पिशवी घरी, लेक पोट धरून घरी, आणि बूच आपल्यापाशी. वा, बाईसाहेब!

समोर तपासायची मुद्रितं पसरलेली. युरोपीय भाषांतल्या शब्दांची कुळं सांगणाऱ्या कोशातली आजची नोंद नेमकी मासिक पाळीची. सकाळीही चहाच्या कपाशेजारी हाच कागद होता. न्हाणीघराच्या दारात लेक उभी राहिली, म्हणाली, “आई, ते आलं.” आणि मी मान वर न करता — इतक्या वर्षांची खोड, दुसरं काय — विचारलं, “ते म्हणजे काय? नीट शब्द वापर ना.”

“काही नाही.”

डोक्यात प्रकाश पडेपर्यंत कडी लागली होती. पॅडचं पाकीट घ्यायला दार वीतभर उघडलं, पुन्हा बंद. “मला माहितीये सगळं. शाळेत सांगितलंय. तू जा.” आणि ही शहाणी खरंच निघून आली.

“बाई, कुठवर आलं?” पलीकडच्या टेबलावरून मुख्य संपादकांनी विचारलं. अख्खी कचेरी त्यांना अण्णा म्हणते.

“चंद्रापर्यंत,” ती म्हणाली.

“मग आता परत या. छापखाना पृथ्वीवर आहे.”

ती हसली, पण डोळे कागदावरच राहिले. लॅटिनमध्ये महिना, ग्रीकमध्येही महिना, आणि त्याच मुळातून उत्तरेकडच्या भाषांतला चंद्र. आपला ‘मास’सुद्धा त्याच गोतातला, लांबचा चुलतभाऊ. जर्मन आणि फ्रेंच बायका ‘नियम’ म्हणत आल्या. जुन्या काळी कुणी ‘फुलं’ही म्हणायच्या... किती आडून, किती जपून. या नोंदीत रक्ताचं नाव कुणीच घेतलेलं नाही. माझी आई म्हणायची ‘अडचण’. माझ्या वेळी तर तेवढंही म्हणाली नव्हती, नुसता पाठीवरून हात फिरवला होता आणि माझी वेणी सोडून पुन्हा घातली होती, सैलसर. तो हात अजून आठवतो. शब्द तिनं मागितलाच नव्हता.

या सगळ्या भाषांत कधीतरी एकेक पोरगी अशीच दारात उभी राहिली असेल, घाबरलेली, आणि म्हणाली असेल — ‘ते’. आणि आईला कळलं असेल. महिना, चंद्र, नियम हे सगळं मागाहून, लोकांत बोलायला. लेक सकाळी बरोबर शब्द बोलली होती, आणि कोशवाल्या बाईला तो कळला नाही.

“अण्णा, मी घरी जाते. लेकीला बरं नाही.” मग जरा थांबून, “म्हणजे, बरी आहे. तिला पाळी आलीये. पहिलीच.”

अण्णांनी चष्मा काढला, उगाचच पुसला. “मग अजून इथे काय करताय?” ते म्हणाले.

घरी लेकीच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. लेक कुशीवर, भिंतीकडे तोंड करून. पिशवी पायाशी सपाट पडलेली. तिनं पाणी तापवलं, पिशवी भरली, बूच घट्ट बसवलं, उलटी करून पाहिली, टॉवेलात गुंडाळून लेकीच्या पोटाशी सरकवली. वाटेत जुळवलेली वाक्यं होती — चुकलं माझं, सकाळी मी... एकही ओठांवर येईना. ती पलंगाच्या कडेवर बसली. लेकीच्या वेणीचं रबर हळूच काढलं. लेकीनं मान आखडली, पण बाजूला घेतली नाही.

“बूच नव्हतं,” लेक भिंतीला म्हणाली.

“हो. माझ्याकडे होतं.”

बोटांखाली केस मोकळे होत गेले.

“आई... ते असं रोज दुखणार?”

ती वाकली. लेकीच्या कानामागे शाळकरी घामाचा, साबणाचा वास होता, तान्हेपणीचाही थोडा उरलेला.

“नाही गं, रोज नाही,” ती म्हणाली, आणि ‘ते’ म्हणजे काय, हे तिनं विचारलं नाही.