उतरवलेली कणीक

माझा नवरा देवव्रत याच्या हृदयाच्या ऑपरेशनची तारीख ठरली आणि सासूबाईंनी सोसायटीच्या तळ्यातल्या माशांना कणीक घालायला सुरुवात केली. रोज सकाळी कणकेचा गोळा देवव्रतवरून उतरवायचा आणि तळ्यात नेऊन टाकायचा.

आमची सोसायटी बोरीवलीत, नॅशनल पार्कला लागून. जानेवारीत सकाळी चांगलीच थंडी असते. मासे तळाशी सुस्त पडलेले, कणकेला तोंडही लावायचे नाहीत. मी चिडून म्हटलं, "आई, थंडीत ते खात नाहीत. कणीक कुजून पाणी नासतंय. मरतील ना ते!"

"मरू देत की," त्या शांतपणे म्हणाल्या. "मासा मेला म्हणजे माणसावरचं त्याने घेतलं."

मग एकेक मासा पांढरं पोट वर करून तरंगायला लागला. वॉचमन तो जाळीने काढायचा, सासूबाई हात जोडायच्या आणि घरी येऊन म्हणायच्या, "आणखी एक गेला रे देवव्रत, तुझ्यावरचं टळलं." तो हसायचा. माझं डोकं फिरायचं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तळ्यात एकही मासा उरला नव्हता. म्हटलं, सुटलो एकदाचे. तरीही सासूबाईंनी नेहमीसारखा गोळा देवव्रतवरून उतरवला. मात्र खाली गेल्या नाहीत. ओट्याशी जाऊन त्यांनी त्याच गोळ्याची पोळी लाटली, भाजली, वर तूप सोडलं.

या घरात पहिली पोळी कायम देवव्रतच्या ताटात पडते. आज ती माझ्या ताटात पडली.

"खा गं," त्या मायेने म्हणाल्या, "गरम आहे तोवर."