बळीरामकडे जाणारी बोट

“आ गए चाचा! इस बार चाची को भी ले आए?”

सत्यशीलाचा एक पाय बोटीला लावलेल्या फळीवर होता आणि दुसरा अजून पोर्ट ब्लेअरच्या जेटीवर. ती तशीच थबकली. वर कठड्यापाशी उभा असलेला खलाशी तिच्या नवऱ्याकडे बघून हसत होता. ते नुसतं ओळखीचं हसू नव्हतं, घरच्या माणसाला बघून हसावं तसं होतं. देवानंदने हात वर केला, बायकोकडे बघितलं आणि हात खाली घेतला.

तो हात खाली घेणं तिने बरोबर टिपलं.

“कोन हाय हा?”

“बोटीवर काम करते. रूपेश नाव आहे त्याचं.”

“सालातून एकदा येता तुमी, अन् नावानिशी ओळखता?”

“अगं, चाल ना आता. मागं लोक खोळंबून राहिले.”

ती चढली. पण मनातली पाल चुकचुकायची थांबली नाही.

भिलाईच्या कारखान्याच्या इस्पितळात तिने उभी नोकरी सिस्टर म्हणून काढली होती, तीही बरीचशी पुरुषांच्या वॉर्डात. दारू पिऊन पडलेला माणूस ‘पाय घसरला’ असं सांगतो, तेव्हा सांगण्याआधी तो छताकडे बघतो, हे तिला पहिल्या वर्षातच कळलं होतं. आणि देवानंद गेली काही वर्षं असाच छताकडे बघत होता. भिलाईतल्या रिसालीच्या घरात जेवताना ती विचारायची, “कसे हायेत बळीरामभाऊजी?” तर हा आधी पंख्याकडे बघायचा आणि मग म्हणायचा, “मजेत आहे. तुले नमस्कार सांगितला.”

बळीराम म्हणजे त्याचा कोक ओव्हनवरचा, कारखान्यातल्या कोळशाच्या भट्टीवरचा, जोडीदार. दोघांनी सारी उमर एकाच शिफ्टमध्ये भट्टीची धग अंगावर घेतली. बळीरामची बायको अंदमानातली. तिचे आजोबा रांचीकडून जंगलतोडीच्या कामाला गेले आणि तिकडेच राहिले. नोकरी संपल्यावर बळीराम नंदिनी नगरचं घर सोडून सासुरवाडीच्या बेटावर, लाँग आयलंडला जाऊन राहिला. दुसऱ्या वर्षी हिवाळ्यात देवानंद त्याला भेटायला गेला, आणि मग दर हिवाळ्यात जातच राहिला. दुर्गहून हावडा, तिथून विमान, मग बोट. महिनाभर राहायचा. फोन लागायचा नाही. “तिथं टॉवर नाही,” म्हणायचा. परत यायचा तो काळा होऊन, पण गडी असा खुशीत, की अंघोळ करताना गुणगुणायचा. संसारात तिने त्याला कधी गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

मागच्या वर्षी त्याचा सदरा धुवायला घेतला, तर छातीवरचं बटण हिरव्या दोऱ्याने टाचलेलं. टाका नीटस आणि फुलीचा. तिचा नव्हता. देवानंदला तर सुईत दोरा ओवता येत नव्हता.

शेजारच्या सीमाने ऐकलं आणि डोळे बारीक केले. “वहिनी, मरद मानूस दरसाल एकाच जागी जाते, कावून जाते? मी काही म्हनत नाही. पन दाल में काला आहेच.”

आईबापांचं चरोद्याचं रेल्वे क्वार्टर सोडून सत्यशीला नवऱ्याच्या घरी आली, तेव्हापासून तिने संशय नावाची चीज वॉर्डातच ठेवली होती. आता ती घरात आली आणि उशाशी बसली. यंदा देवानंदने बॅग काढली, तेव्हा ती म्हणाली, “मीबी येते. बळीरामभाऊजींना भेटून लय दिवस झाले.”

देवानंदने पंख्याकडे बघितलं. “तुले बोट लागंल,” तो म्हणाला.

“लागू द्या.”

आणि बोट खरंच लागली. बंदराच्या बाहेर पडताच पाणी डोंगरासारखं वर यायला लागलं. सत्यशीला खालच्या डेकवर खांबाला धरून बसली, पोटातलं सगळं घशाशी आलेलं. पण डोळे उघडे होते. चहावाल्याने न विचारता देवानंदच्या हातात बिनसाखरेचा कप दिला, ते तिने बघितलं. एका म्हाताऱ्याने सरकून त्याला कडेच्या बाकावर जागा करून दिली, तेही बघितलं. त्या बाकावर तो असा बसला जणू तो त्याचाच आहे. नारळाच्या रांगांवर रांगा मागे पडत होत्या, निळ्या पाण्यात हिरवी बेटं उगवत आणि बुडत होती. त्यातलं तिने काही बघितलं नाही.

नील बेटावर माणसं उतरली, नवी चढली. त्यांच्यात एक बाई होती, चाळिशीची, अंबाड्यात जास्वंदीचं फूल, डोक्यावर केळ्यांची आणि उकडलेल्या अंड्यांची टोपली. ती सरळ देवानंदसमोर आली.

“दादा! कितना देर किया इस साल! हम रोज देखते थे.” टोपलीतून तिने लाल सालीची चार केळी काढली. “आपके वास्ते अलग रखा था.”

सत्यशीलाची मळमळ कुठल्या कुठे गेली. ती खांब सोडून उठली, डुलत डुलत आली आणि नवऱ्याशेजारी बसली.

“यह कौन, दादा?” बाईने विचारलं.

“मेरी घरवाली,” देवानंद पुटपुटला.

बाईच्या तोंडावरचं हसू क्षणभर अडखळलं. “अच्छा? हम तो सोचे थे, दादा का कोई नहीं है.” मग सत्यशीलाच्या गुडघ्याला हात लावून म्हणाली, “हमारा नाम माधवी, दीदी. केला खाइए, उलटी नहीं होगा.”

दादाचं कोणी नाही! सत्यशीलाने केळं घेतलं, पण सोललं नाही. माधवी पुढे गेली, आणि जाता जाता रूपेशशी काहीतरी बोलून खळखळून हसली. सत्यशीलाला वाटलं, ते हसू आपल्यावर आहे.

“बटन हिनंच लावलं का?” तिने विचारलं.

“कोनतं बटन?”

“हिरव्या दोऱ्याचं.”

देवानंद आधी गोंधळला, मग त्याला आठवलं. “ते होय! ते रूपेशनं लावलं. ताडपत्री शिवते ना तो, त्याच हातानं.”

बोलताना त्याने छताकडे बघितलं नाही. तेवढं खरं असावं. पण मग खोटं काय होतं? कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि ते कुठे, ते तिला सापडत नव्हतं.

लाँग आयलंडला बोट दुपारी लागली. जेटीच्या मागे माडांची रांग, मग काही घरं, मग नुसतं जंगल. रस्त्यावर एक सायकल सोडली तर गाडी म्हणून नाही. देवानंद जेटीवरच्या चहाच्या टपरीपाशी रेंगाळला.

“चाला ना,” ती म्हणाली. “घर कोनीकडं आहे?”

“बळीराम नसंल आता घरी. मासे धराले जाते तो दुपारी. आपन इथंच बसू. बोट रातभर इथंच राहते, सकाळी परतते. वाटलं तं—”

“वाटलं तं काय? आल्या पावली वापस?”

त्याने माडाच्या शेंड्याकडे बघितलं. बस. एवढंच तिला हवं होतं. तिने पदर खोचला, टपरीवाल्याला विचारलं, “बळीराम भिलाईवाले का घर?” आणि त्याने दाखवलेल्या वाटेने ती चालायला लागली. मागून देवानंद दोनदा हाका मारत आला, मग नुसताच मागे येत राहिला.

अंगणात सुपाऱ्या वाळत घातल्या होत्या. एक तरुण बाई त्या हाताने परतत होती. बळीरामची रोशनी. सत्यशीलाच्या हातावर जन्मली होती ती, इस्पितळात. तिने मान वर केली, ओळखलं, आणि उठून घट्ट मिठीच मारली.

“मावशी! तुम्ही? इतना दूर?” तिचं मराठी मोडकं झालं होतं. मग तिला मागे उभा असलेला देवानंद दिसला आणि तिचा चेहरा बदलला. “काका, आज रास्ता याद आया? बाबा गेले तेव्हा तुम्ही खांदा दिला. उसके बाद एक बार भी नहीं आए.”

सत्यशीलाला वाटलं, अजून बोटच हलून राहिली आहे.

“बाबा कधी गेले तुझे?”

“कब के, मावशी. करोना के बाद जो ठंडी आई ना, तभी.” रोशनी दोघांकडे आळीपाळीने बघायला लागली. “काकांनी सांगितलं नाही?”

भिंतीवर बळीरामचा फोटो होता, त्याला शिंपल्यांची माळ घातलेली. गेली कितीतरी वर्षं हा मेलेला माणूस तिला रिसालीत नमस्कार पाठवत होता. रोशनीने दिलेलं पाणी ती प्याली, फोटोला हात जोडले, आणि बाहेर येऊन समुद्राकडे चालायला लागली. देवानंद वाळूवर तिच्यामागे येऊन उभा राहिला.

“सांगा,” ती म्हणाली. “बळीराम नाही. त्याच्या लेकीच्या घरी तुमी पाय ठेवला नाही. मग दरसाल महिना महिना कोनाकडं राहता?”

“कोनाकडं नाही.”

“माधवी?”

“अगं, नाही! ती केळी विकते. तिला नवरा आहे, पोरं आहेत.”

“मग?”

“बोटीत बसतो.”

“बोटीत बसून कुठं जाता?”

“जिथं जाते तिथं. हॅवलॉक, नील, इथं. उतरतो, चहा पितो, वापस बसतो. रातीले बोट इथं राहिली तं बोटीतच निजतो, नाही तं पोर्ट ब्लेअरला जेटीपाशी एक लॉज आहे. सकाळी पुन्हा बोट.” तो वाळूकडे बघत बोलत होता. “पहिल्यांदा बळीरामसाठीच आलो होतो. खरंच. पन बोटीवर बसलो, नं तोंडाले वारा लागला. सत्यशीला, मी सारी उमर भट्टीपुढं उभा होतो. असा वारा मले कोनी कधी दिला नाही. मग बळीराम गेला. आता इथं याले कारन काय सांगू? टॉवर तं आहे इथं, फोनच मी बंद ठेवतो. रोशनीकडं गेलो तं ती तुले फोन करंल, तुले कळंल, मग बंद होईल.”

“मी बंद केलं असतं?”

“तू म्हटली असती, एवढा पैसा घालून काय ठेवलं आहे पान्यात.”

ती हे म्हणाली असती. अगदी याच शब्दांत म्हणाली असती. ते तिला ठाऊक होतं, म्हणूनच तिचा संताप जास्त झाला.

“एखादी बाई असती तं मले समजलं असतं,” ती म्हणाली. “भांडली असती, रडली असती, तिच्या झिंज्या धरल्या असत्या. आता मी काय धरू? वारा? अन् मलेबी नव्हतं का भट्टीपुढं? दिवसभर वॉर्डात गू-मूत काढून घरी याची, नं पुन्हा चुलीपुढं. मलेबी तोंडाले वारा लागला असता. एकदा तरी म्हनाचं होतं, चाल. मी नाही म्हटली असती, तरी म्हनाचं होतं.”

देवानंद खाली वाळूत बसला. लाटा येत होत्या आणि जात होत्या. ऊन उतरलं तेव्हा रोशनी बोलवायला आली.

रात्र तिच्याकडेच काढली. सत्यशीला आत रोशनीपाशी निजली, देवानंद ओसरीवर. सकाळी निघताना तो रोशनीला म्हणाला, “चुकलं माझं, बेटा,” आणि रोशनीने त्याच्या पिशवीत सुपाऱ्या टाकल्या.

परतीच्या बोटीत पाणी शांत होतं. सत्यशीला मुद्दाम त्याच्यापासून दूर बसली, बोटीच्या दुसऱ्या अंगाला. देवानंद आपल्या कडेच्या बाकावर गेला. मध्ये माणसं, गाठोडी, एक बांधलेली बकरी. नीलला माधवी चढली, आणि आज तिने सत्यशीलालाही न विचारता केळी दिली. सत्यशीलाने एक सोललं. गोड होतं. केळं खाता खाता तिने पहिल्यांदा बाहेर बघितलं. पाणी काचेसारखं होतं, आणि बोटीच्या पुढे पुढे बारके मासे उडत होते, मूठभर चांदी फेकावी तसे. तोंडावर वारा येत होता. डोळ्यांत पाणी आलं, ते तिने वाऱ्यावर ढकललं.

मग तिने वळून नवऱ्याकडे बघितलं.

देवानंद झोपला होता. मान मागे टाकून, तोंड उघडं, चपला निघून पडलेल्या. भरदिवसा, चारचौघांत, एखादं लहान पोर झोपतं तसा. सत्यशीला उठली आणि जवळ गेली. घरी हा माणूस कधी असा झोपला नव्हता. शिफ्टच्या दिवसांत दचकून उठायचा, सायरन झाला का विचारायचा. रिटायर झाल्यावरही झोपेत त्याच्या मुठी वळलेल्या असत, पाय झटकत असत, आणि ती कुशीवर वळून त्याला थोपटत असे. सगळ्या कोक ओव्हनवाल्यांचं असंच असतं, हे तिने कधीच गृहीत धरून टाकलं होतं. आता त्याच्या मुठी उघड्या होत्या. बोटं सैल, तळवे आभाळाकडे.

आपल्या शेजारी एवढी वर्षं निजूनही त्याला ही झोप लागली नाही. तिने ते मनात नीट उच्चारून बघितलं. मग ती त्याच्या बाकावर, उरलेल्या जागेत बसली.

पोर्ट ब्लेअर आलं. माणसं उठली, गाठोडी डोक्यावर चढली, बकरी ओढत नेली. बोट रिकामी होत गेली तरी ती हलली नाही. रूपेश आला. “चाची, उतरना है.”

तिने ओठांवर बोट ठेवलं. “थोडा रुक, बेटा. सोए हैं.”

रूपेशने देवानंदकडे बघितलं, मान हलवली आणि पावलांचा आवाज न करता परत गेला. इंजिन बंद झालं. बोट जेटीला लागून हलकेच डुलत राहिली, आणि तिरपं ऊन सरकत सरकत देवानंदच्या तोंडावर आलं. सत्यशीलाने पदराचं टोक त्या उन्हात आडवं धरलं, आणि हात अवघडला तरी तसंच धरून ठेवलं.