खंडेनवमीच्या सात कॅपा

आपला गोकुळ रे, देवगाव रंगारीचा! त्यानं जुनं पोकलेन घेतलं, लई हौसेनं. मशीन दणकट, पण इंजिन पार थकलेलं. जरा जोर लावला की निळा धूर, आन् ऑइल तर चहासारखं प्यायचं. दसऱ्यानंतर आप्पासाहेबांच्या रानात शेततळं खोदायचं ठरलेलं, गोकुळचं पहिलंच काम. इंजिन तयार झालं नाय तर ते काम दुसऱ्याच्या मशीनला जाणार. म्हणून त्यानं मशीनच ट्रेलरवर घालून थेट पडेगावला आणलं, कडुबामामांच्या गॅरेजात, आन् इंजिन उतरवलं.

कडुबामामा बोलायचे कमी, आन् बोलले की टोमणाच. पण हात असा की विचारू नका! नवे लायनर, पिस्टन, रिंगा, सगळं आलं. क्रँक, म्हंजे इंजिनातला मधला फिरता दांडा, शेजारच्या लेथवाल्या राजकुमारनं घासून दिला, आरशासारखा. इंजिन उलटं मांडलं, त्यात क्रँक ठेवला. आता त्याला धरून ठेवणाऱ्या सात लोखंडी कॅपा तेवढ्या आवळायच्या.

त्या दिवशी खंडेनवमी. मामा नारळ आणायला गेले आन् इकडं गोकुळला भक्ती दाटून आली. त्यानं सातही कॅपा डिझेलमधी लख्ख धुतल्या, पाटावर झेंडूच्या फुलांत गोल मांडल्या, हळदकुंकू वाहिलं. मग बघतो तर कुठली कॅप कुठं बसायची त्याचे मामांनी खडूनं घातलेले आकडे गायब! गोकुळ म्हणला, आकडेच तर हायेत. कॅपा पुसल्या, खडू घेतला आन् एक ते सात घातले की मनानं!

मामा आले, नारळ फुटला, काम सुरू झालं. मामांची एक रीत होती. कॅप आवळली की क्रँक हातानं एक चक्कर फिरवायचा, मगच पुढची. पहिली झाली, फिरला. दुसरी झाली, फिरला. तिसरी आवळली आन् क्रँक गच्च! ढिली केली, पुन्हा आवळली. गच्चच.

"राजकुमारनं वाकडा घासला," मामा हात पुसत म्हणले. "वीस वर्षांत पयल्यांदा. थांब, जाऊन इचारतोच त्याला." पायात चप्पल घातलीसुद्धा!

आता गोकुळची पंचाईत. बोलावं तर मामा इंजिन तसंच टाकतील, शेततळं गेलं. गप बसावं तर बिचाऱ्या राजकुमारवर आळ.

"मामा, थांबा! माझंच चुकलं." त्यानं सगळं सांगून टाकलं.

मामा मागं वळले. "म्हंजे देवाला आंघोळ घातली आन् नंबर तू दिले?"

"सगळ्या सारख्याच दिसत होत्या, मामा."

"तुझ्या घरचे जोडे बी सारखेच दिसत्यात. घाल की बापाचा पायात आन् चाल दिवसभर!"

पण चप्पल काढली त्यांनी. क्रँक पुन्हा बाहेर. एकेक कॅप एकेका जागी बसवून बघायची, आन् कॅप इंजिनाला मिळते त्या सांध्यावरून अंगठ्याचं नख फिरवायचं. नख अडलं की जागा चुकली. सर्रकन गेलं की बरोबर. बस, एवढंच! दुपारचं जेवण राह्यलं, चहा निवला, चारच्या सुमाराला सातवी कॅप घरी पोचली. मग मामांनी ठशानं कॅपांवर ठिपके ठोकले, एक ते सात.

"हे मी आधीच करायला पायजे होतं," ते म्हणले. "खडूवर भागवलं. चूक माझी बी हाय." एवढा मोठा माणूस, आन् चूक वाटून घेतो!

रात्रभर बाकीची जोडणी चालली आन् दसऱ्याच्या सकाळी इंजिन मशीनवर चढलं. सेल मारला. एकदा खोकलं, काळा धूर सोडला, आन् मग असं चाललं की धूर दिसंना! गोकुळचे डोळे भरले राव. त्यानं आपट्याचं पान मामांच्या हातात ठेवलं, पाया पडला.

"माझं झालं," मामा म्हणले. "आता तिकडं जा."

गोकुळ धावत लेथवर गेला, राजकुमारला पान दिलं, कालचं सगळं सांगितलं. राजकुमारनं लेथ बंद केली, रस्त्याकडं तोंड केलं आन् ओरडला,

"ए कडुबा! चप्पल घातली होती म्हणं काल? मग ये की, चहा टाकलाय!"