रसमात हिंग नव्हता

पद्मासनीने मला जेवायला बोलावलं, तेव्हाच मी ओळखलं की कुठंतरी पाणी मुरतंय. पद्मासनी म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, सारनाथनची बायको. दिवाळीला साधं "या अक्का" म्हणायला जिची जीभ जड होते, ती एकाएकी निरोप धाडते, "शुक्रवारी दुपारी जेवायलाच या." मी काय दूधखुळी आहे?

सारनाथन मस्कतला नोकरीला. माझ्या मुलीच्या लग्नाला आला नाही, की एका शब्दानं कळवलं नाही. हार घालायच्या वेळी नवरीला मामाने उचलून धरायचं असतं, तिथं मला माझ्या दिराला पुढं करावं लागलं. सगळ्या मांडवात शोभा झाली! त्याचा फोन म्हणे शेजारच्या औषधाच्या दुकानात येतो, आणि तो नेमका पद्मासनीच घेते. माझ्या आईला ती कुंभकोणमला सांभाळते, हे खरं. पण माझ्या भावाला आमच्यापासून हिनेच तोडलं, याबद्दल मला तिळभर शंका नव्हती. आज तोंडावर विचारायचंच, असं ठरवून मी श्रीरंगमहून बस धरली.

पोचले तर दारात रांगोळी नाही. शुक्रवार, आणि उंबरा कोरडा! पद्मासनी सोवळं नेसलेली, केस ओले, आणि त्या ओल्या केसांतही गजरा. कपाळावर हे एवढं ठसठशीत कुंकू. नवरा समुद्रापलीकडे, मग हा नट्टापट्टा कोणासाठी, बाई?

मधल्या खोलीत अम्मा पडून होती. तिचं हृदय अगदी नाजूक झालंय. मला बघून हसली. "आलीस कोमळम? बरं झालं. परवाच सारनाथनचा फोन आला होता हो. पद्मा सांगत होती."

मी पद्मासनीकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती.

तिने माझं पान मागच्या पडवीत मांडलं, अम्मापासून लांब. चला, म्हणजे माझ्याशी गुपचूप बोलायचंय! गोडधोड खाऊ घालून कशावर तरी सही घेणार आणि माझ्या तोंडाला पानं पुसणार.

"तू नाही बसत?"

"तुम्ही बसा अक्का. मी मागाहून."

कच्च्या केळ्याची भाजी, कारलं, मुगाचं वरण, उडदाचे वडे. बेत भरगच्च. मी पहिला घास घेतला आणि जीभ अडखळली. तिखटपणा सगळा मिरीचा, मिरचीचा मागमूस नाही. बरं, असेल. मग तिने भातावर रसम ओतलं. घोटभर भुरकून बघितलं. रसमात हिंग नव्हता.

"हिंग संपला का गं घरातला?"

"नाही अक्का."

"मग हात का आखडलास?"

पानाच्या कडेला तिने तिळाचा लाडू ठेवला.

माझा हात जागच्या जागी थांबला. मिरची नाही, हिंग नाही, केळं, कारलं, तीळ. आमच्यात हे पान फक्त श्राद्धाला वाढतात. डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगू!

"श्राद्धाचं वाढतेस मला? घरी आलेल्या नणंदेला? कोणाकडचं उरलंसुरलं आणलंस गं? एवढा राग असेल तर सरळ शिव्या दे, पण हे असलं ताटात घालू नकोस!"

"उरलेलं नाही अक्का. पहाटेपासून मीच केलंय."

"कोणासाठी?" मी ओरडले खरी, पण ओरडता ओरडताच मनात हिशेब सुरू झाला. अप्पांचं श्राद्ध मागेच झालं, मी स्वतः हजर होते. पद्मासनीचे आईवडील दोघं धडधाकट. सारनाथनला आणि तिला मूलबाळ नाही. मग या घरात राहिलं कोण?

"पद्मा," मी म्हटलं, "आज कोणाचा दिवस आहे?"

तिने जाऊन मधलं दार लोटून घेतलं आणि माझ्यासमोर बसली. इतक्या वर्षांत ती कधी माझ्यासमोर अशी बसली नव्हती.

"मला तोंडानं सांगवेना अक्का. कितीदा तुमच्याकडे यायला निघाले आणि बसस्टँडवरून परत आले. म्हटलं, अक्कांना स्वयंपाकातलं सगळं कळतं. पान बघून त्यांनाच समजेल, मला बोलावं लागणार नाही."

"कधी?"

"आज वर्ष झालं. हे मस्कतला रात्री झोपले ते उठलेच नाहीत. माझा भाऊ जाऊन तिथंच सगळं करून आला. आज सकाळी मठात विधी केले. डॉक्टर म्हणाले होते, अम्मांना धक्का सोसायचा नाही. तुम्हाला कळवलं असतं तर तुम्ही रडत आला असता, आणि अम्मांना कळलं असतं. नंतर तुमच्याकडे लग्न निघालं. लग्नघरात कशी सांगू?"

तिचं खरंच होतं. मी रडायला लागले की गल्ली गोळा होते.

"आणि हे कुंकू, हा गजरा..."

"अम्मा बघतात ना. रोज सकाळी त्यांच्यासमोर लावते. अधूनमधून औषधाच्या दुकानात जाऊन उभी राहते, आणि येऊन सांगते, फोन होता." ती डोळे पुसायलाही विसरली होती. "सांगायला नवीन काही सुचत नाही हो आता."

मी पदराचा बोळा तोंडात कोंबला. माझा सारू! आणि वर्षभर मी या पोरीला शिव्याशाप देत बसले होते, तिच्या नवऱ्याने आम्हाला टाकलं म्हणून.

आतून अम्माची हाक आली. "काय गं, एवढ्या गप्प का झालात? भांडलात ना पुन्हा?"

पद्मासनी घाईनं उठायला लागली. मी डाव्या हाताने तिला धरून खाली बसवलं.

"नाही गं अम्मा, जेवतेय मी."

"जेव, जेव सावकाश. दुपार किती झाली! माझा सारू जेवला असेल का गं आज?"

मी तिळाचा लाडू उचलला.

"जेवला, अम्मा," मी मोठ्याने म्हटलं. "पोटभर जेवला."