निलगिरीच्या खुंटावरची अळंबी

सिल्वानोच्या थोरल्या मुलीचं लग्न झालं ते १९६३ सालच्या मे महिन्यात. तिचा सख्खा काका ओत्ताव्हियो परसाला परस लागून मागच्याच घरात राहत होता, तरी लग्नाला आला नाही. ऑस्ट्रेलियातल्या त्या डेल्सफर्ड गावात दोघा भावांचं वैर जुनंच, कुणाला त्याचं नवल वाटलं नाही.

ओत्ताव्हियोनं आपल्या परसातली निलगिरी तोडून खुंट तसाच ठेवला होता. लग्नानंतर पाऊस लागला आणि खुंटाच्या बुडाशी मधाच्या रंगाच्या अळंब्या झुबक्यांनी फुटल्या. सिल्वानोनं तारेच्या कुंपणावरून वाकून एक झुबका खुडला. दांड्यांना कडं होतं, खालच्या टोप्यांवर पांढरी भुकटी सांडलेली. त्यानं आपल्या बाजूच्या चेरीची साल बुडाशी सोलून पाहिली. आत ओल्या कागदासारखा पांढरा पापुद्रा होता आणि त्याला त्याच अळंबीचा वास.

चेरी आईनं लावलेली. म्हातारी पिएरिना आता अंथरुणाला खिळली होती आणि खिडकीतून तिला तेवढंच झाड दिसायचं.

सिल्वानोनं भावाला हाक मारून सांगितलं, खुंट उपट, मुळांवाटे बुरशी इकडे येतेय. ओत्ताव्हियो म्हणाला, ही मेलेल्या लाकडावरची साधी अळंबी आहे, जित्या झाडाला काही करत नाही. तुझ्या हातानं आजवर काय जगलंय?

रविवारी मात्र त्यानं मुद्दाम कुंपणाशी टेबल मांडलं, पाहुणे बसवले आणि मक्याच्या घट्ट लापशीवर, पोलेंटावर, त्याच अळंब्या वाढल्या. दोनदा उकळून पाणी फेकलंय, तो पाहुण्यांना मोठ्यानं सांगत होता, अगदी इटलीतल्या आपल्या गावाकडची कियोदीनी अळंबी.

"काय म्हणालास? ते नाव पुन्हा सांग," सिल्वानो कुंपणाशी येऊन म्हणाला.

"कियोदीनी. आईनं ओळखायला शिकवली होती. विसरलास?"

"नाही. आजोबांचा द्राक्षमळा याच अळंबीनं खाल्ला, तेही विसरलो नाही. तेव्हा खुंट कुणी उपटले होते? तू आणि मी."

ओत्ताव्हियोचा चमचा थांबला. पाहुणे ताटात बघू लागले.

"मग?" तो म्हणाला. "आई तुझ्याकडे, झाड तुझ्याकडे. मरू दे की."

सिल्वानो कुदळ घेऊन कुंपण ओलांडायला निघाला, तेव्हा ओत्ताव्हियोनं कुत्रा सोडला. सिल्वानोनं मग मुळांची वाट तोडायला आपल्याच बाजूला चर खणला, पण उशीर झाला होता. सप्टेंबरात तिकडचा वसंत आला, पण चेरीला एकही फूल आलं नाही. आई रोज विचारायची आणि तो सांगायचा, यंदा थंडी लांबली.

पिएरिना त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अठ्ठावीस तारखेला वारली.