एवढं मीठ

“साहेबाच्या कंप्युटरवर चित्र दिसते, आवाज येत नाई. तुमच्या एटापल्लीले आवाज येते, चित्र दिसत नाई. आता मी तरी काय करू, बाई?” राजदीप म्हणाला आणि सीडी उजेडात धरून उगाच उलटसुलट पाहू लागला.

कुंताने चेहरा गंभीर ठेवला होता, पण मनात तिच्या आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. आश्रमशाळेच्या कंप्युटरवर तिने स्वतः पाहिलं होतं. काळाकुट्ट पडदा आणि त्यातून येणारा तिचा आवाज. रोशनी कुठेच नाही. इतकी न्यायाची गोष्ट तिच्या आयुष्यात बऱ्याच दिवसांत घडली नव्हती.

कुंता एटापल्लीकडच्या खेड्यांची नर्सबाई. माहेर आरमोरीकडचं, तलावाकाठचं. नोकरीला इकडे आली तेव्हा माडिया भाषेचा एक शब्द येत नव्हता. नाले ओलांडत, बाळंतपणं करत, सुया टोचत ती भाषा तिच्या तोंडात कधी बसली ते तिलाही कळलं नाही. म्हणून एका संस्थेने जुलाबावर माडियात फिल्म करायचं ठरवलं, तेव्हा सगळ्यांनी तिचंच नाव घेतलं. तिने मोरपंखी साडी इस्त्री करून घेतली आणि गडचिरोली गाठली. कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. कॅमेरावाल्याने डोळा लावून पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि संस्थेच्या साहेबांच्या कानाशी लागला. मग साहेब गोड आवाजात म्हणाले की आवाज कुंताबाईंचाच घेऊ, पडद्यावर मात्र रोशनीला घेऊ.

रोशनीही नर्सच, नवीन लागलेली. चंद्रपूरची, उजळ, हसली की गालाला खळी पडायची. माडियात तिला प्यायला पाणीसुद्धा मागता येत नव्हतं. तिने नुसते ओठ हलवले. आणि कुंता मोरपंखी साडी नेसून, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना रजया टांगलेल्या एका खोलीत, कोणालाही न दिसता बोलली.

एवढ्यावर भागलं असतं तरी तिने गिळलं असतं. पण साहेबांच्या कंप्युटरवर ती फिल्म मुकीच चालली, तरी साहेब म्हणाले, रोशनीने काय सुंदर समजावून सांगितलं. काय समजलं यांना, कपाळ? तेव्हापासून रोशनीचं नाव निघालं की कुंताच्या पोटात दुखायचं. रोशनी तिला ताई म्हणायची, डब्यातली चटणी वाढायची, त्याने तर जास्तच दुखायचं. वाईट वागली असती तर बरं झालं असतं.

राजदीपचा धंदा लग्नाच्या व्हिडिओचा. ही सीडीही त्यानेच बनवली होती, म्हणून निस्तरायची जबाबदारीही त्याची. त्याने तिला समजावून सांगितलं. चित्र आणि आवाज एकाच पेटीत असले तरी त्यांची कुलपं वेगळी. ज्या कंप्युटरमध्ये ज्याची किल्ली असेल तेवढंच उघडतं. साहेबांच्या विंडोजमध्ये या आवाजाची किल्ली नाही. शाळेतल्या कंप्युटरमध्ये सिस्टीमच दुसरी, तिथे चित्राची नाही. त्याच्या स्वतःच्या कंप्युटरमध्ये दोन्ही होत्या, म्हणून त्याला पत्ताच लागला नव्हता.

“नुसता आवाज नाई चालत का, भाऊ?” कुंताने विचारलं. “रेडिओ आयकतेतच ना लोक.”

राजदीप हसला. त्याने जुन्या पद्धतीने फाइल बनवायला घेतली. ही पद्धत कुठल्याही सिस्टीमला उघडते. चित्र जरा धुरकट होतं आणि फाइल इतकी फुगते की एका सीडीत मावत नाही, दोन लागतात. पडद्यावर निळी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. कुंता स्टुलावर बसून मनातल्या मनात देवाला म्हणत होती, अडकू दे. ती अडकली नाही. राजदीपने विंडोजवर लावून पाहिली, मग कोपऱ्यातल्या जुन्या कंप्युटरमध्ये ती दुसरी सिस्टीम टाकून तिच्यावरही पाहिली. दोन्हीकडे रोशनी हसली.

“आता कुठीबी चालते,” तो म्हणाला.

पुढच्या बाजाराच्या दिवशी आश्रमशाळेत बाया जमल्या. गुणवंतराव गुरुजींनी कंप्युटर सुरू केला. गावातल्या चैतूची सून पुढेच बसली होती, मांडीवर जुलाबाने मलूल झालेलं पोर. कुंताने आल्या आल्या त्याला पाहिलं होतं. अजून लघवी होत होती, ते तोंडाने घेत होतं, आणि पाणी पोटात जाणं हेच त्याचं औषध होतं.

तिने पिशवीत हात घातला. नव्या सीड्या हाताला लागल्या. तिने त्या बाजूला सारल्या आणि जुनी काढून दिली. एकदाच, तिने स्वतःला बजावलं. एकदाच ऐकू दे, मग उद्यापासून रोशनी आहेच.

“नवीन नाई आली का, बाई?” गुरुजींनी विचारलं.

“नाई आली.”

पडदा काळा राहिला आणि कुंताचा आवाज खोलीभर झाला. बाया चमकल्या. एकीने कंप्युटरकडे पाहिलं, मग कुंताकडे, आणि तोंडाला पदर लावून हसली. मग सगळ्याच हसल्या, माना हलवू लागल्या, आवाजाला हुंकार देऊ लागल्या. कुंता भिंतीला टेकून उभी होती. तिला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. साहेब असते इथे, तर त्यांना कळलं असतं की फिल्म कोणाची आहे ते.

फिल्म संपल्यावर तिने नेहमीसारखं पाण्याचं भांडं, साखर आणि मीठ पुढे मांडलं आणि चैतूच्या सुनेला म्हणाली, कर बरं आता. सून उठली. तिने भांड्यात मूठभर साखर टाकली. मग मिठात हात घातला आणि तितकीच मूठ भरून उचलली.

कुंताने झडप घालून तिचं मनगट धरलं. इतकं मीठ त्या पोराच्या पोटात गेलं तर काय होईल, हे त्या खोलीत तिच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. ती ओरडली, कोणी सांगितलं तुला असं?

पोरगी घाबरली. “तूच म्हणालीस ना आत्ता,” ती माडियात म्हणाली, “एवढं मीठ घे म्हणून.”

कुंताने तिचं मनगट सोडलं. खरंच होतं. फिल्ममध्ये ती नुसतं ‘एवढं’ म्हणाली होती, आणि किती ते रोशनीच्या बोटांनी दाखवलं होतं. तो शब्द बोलताना ती रजयांच्या खोलीत रोशनीवर जळत बसली होती. ऐकणाऱ्याला बोटं लागतील हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. मीठ पोरीच्या मुठीतून जमिनीवर सांडत होतं.

तिने पिशवीतून नव्यांपैकी पहिली सीडी काढली आणि गुरुजींच्या हातात दिली. गुरुजींनी सीडीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि ती लावली.

रोशनी आली. धुरकट होती, तरी खळी दिसत होती. बाया गुडघ्यांनी पुढे सरकल्या, पडद्याला नाक लागेल इतक्या. तीन बोटांची चिमूट मिठात गेली, वर आली, आणि कुंताचा आवाज म्हणाला, एवढं. चैतूच्या सुनेने तिथल्या तिथे आपली तीन बोटं जुळवून पाहिली. आता कोणीही वळून कुंताकडे पाहत नव्हतं.

मोहफुलं वेचून उशिरा आलेली एक म्हातारी टोपली घेऊनच दारात उभी राहिली होती. तिने कुंताच्या दंडाला हात लावून विचारलं, ही बाई कोण? आपली भाषा किती छान बोलते.

आवाज माझा आहे, हे कुंताच्या ओठांवर आलं होतं. समोर चैतूची सून नव्या पाण्यात चिमूट सोडत होती, डोळे पडद्यावरच्या बोटांवर ठेवून.

“रोशनी,” कुंता म्हणाली. “आमचीच आहे.”

म्हातारी म्हणाली, एकदा घेऊन ये तिला इकडे. कुंताने मान हलवली आणि मागच्या बाकावर जाऊन बसली. पडद्यावर रोशनी बोलत होती, आणि मागे कुंताचे ओठ तिच्याबरोबर हलत होते.