बारा नंबरचे पप्पा

आमच्याकडे माणूस नंतर ओळखतात, आधी त्याच्या गाडीची पाटी वाचतात. सत्तावीस म्हणजे आमची अमरावती, अठ्ठावीस बुलढाणा, एकोणतीस यवतमाळ, तीस अकोला. वाशिम जिल्हा मागाहून झाला म्हणून त्याला सदतीस मिळालं, शाळेत उशिरा आलेल्या पोराला शेवटचा बाक मिळतो तसं. हे मला कोणी शिकवलं नाही. पप्पांच्या शेजारच्या सीटवर बसलं की आपोआप पाठ होतं.

"हा पाह्य, तीस नंबर. इंडिकेटर डावीकडचं अन् वळून राहिला उजवीकडं. अकोल्याचाच असन."

पुढच्या चौकात सत्तावीसवाला हुबेहूब तेच करायचा. तेव्हा पप्पा म्हणायचे, "घाईत असन बिचारा."

मागच्या दिवाळीत या न्यायाधीशांनीच पक्ष बदलला. दारात पांढरी गाडी आली आणि तिच्या पाटीवर होतं एमएच बारा. पुणे. गाडी तिथल्या एका दातांच्या डॉक्टरची, चांगली वापरून झालेली. पण पॉलिश असं मारलं होतं की गल्लीने तिला नवीच समजलं, आणि गल्लीचा गैरसमज दूर करायला पप्पा काही समाजसेवक नव्हते. त्यांनी घरात सगळ्यांना शपथ घातली. "कोणी विचारलं तर पुण्याहून मागवली म्हणायचं. यात खोटं काय हाय?"

पप्पांचा सिद्धांत असा, की नंबर जितका लहान तितका माणूस मोठा. मी म्हटलं, "मग आठ नंबरचे रत्नागिरीवाले तुमच्यापेक्षा मोठे." पप्पा म्हणाले, "आचल, गप बस." वक्तृत्वाचं बक्षीस मिळाल्यापासून घरात मला एवढंच सांगतात.

गाडीपाठोपाठ भाषा आली. भातकुलीला शेती करणारे, म्हशींना नावानं हाक मारणारे खुशालराव, म्हणजे आमचे पप्पा, अचानक "अहो" आणि "बरं का" करायला लागले. मेळघाटात सेमाडोहला फिरायला गेलो तर गाईडनं पाटी पाहून विचारलं, "काका, पुण्यात असे साग नसतीन ना?" पप्पांनी सागाकडे असं पाहिलं जणू आयुष्यात पहिल्यांदा झाड दिसलं. "छे हो, आमच्याकडे कुठलं." परतवाड्यात तर एका संत्रेवाल्यानं त्यांना संत्रं कसं सोलायचं ते दाखवलं. संत्र्याच्या बागेत वाढलेला माणूस आभार मानून ते शिकला.

इथवर गंमत होती. मग आरतीताईचं जमायला आलं.

मुलगा अकोल्याचा, शुभम. दोघं अकोल्यातच शेतकी शिकले आणि शिकता शिकता एकमेकांना पसंतही करून बसले. शुभमचे बाबा आमच्याकडे येऊन ताईला पाहून गेले, खूश होऊन गेले. पण त्यांच्या घरात शेवटचा शब्द शुभमच्या आईचा, गंगूबाईंचा. त्यांचे गुडघे दुखतात म्हणून आम्हीच घर पाहायला निघालो. घर पाहायला मुलीला नेत नाहीत, असं आत्यानं फोनवर बजावलं. ताई म्हणाली, "राहायचं मले हाय," आणि गाडीत जाऊन बसली. ताई सहसा बोलत नाही. त्या दिवशी तिनं बदनेऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंत ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. तिला हेच घर हवं होतं, दुसरं नको होतं.

गंगूबाई फाटकात उभ्या होत्या. त्यांनी आमची तोंडं पाहिलीच नाहीत. त्यांनी पाटी पाहिली.

"बारा," त्या म्हणाल्या.

पप्पांना वाटलं, छाप पडली. "हो ना. पुण्याहून मागवली."

आत चहा आला. "अहो, एवढा कशाला, अर्धाच कप घेतो मी," पप्पा म्हणाले.

"अर्धा कप त आमी मांजरीले देतो, बाप्पा," शुभमचे बाबा म्हणाले. ते हसले, गंगूबाई हसल्या नाहीत.

"पुण्यात फ्लॅट कुठं घेतला?" त्यांनी विचारलं.

आता इथं कोणताही शहाणा माणूस नाही म्हणाला असता. पप्पांनी पाय पायावर टाकला. "अजून बघतोय. कोथरूड बरं वाटतं." पप्पा पुण्यात एकदाच गेलेत, आणि तेव्हा बसस्टँडच्या बाहेर पडले नव्हते.

शुभमचे कान लाल झाले. ताईनं मान खाली घातली. आईनं पप्पांच्या गुडघ्याला गुडघा लावला, पण पुणेकराला अशा खुणा कळत नाहीत.

गंगूबाईंनी कप खाली ठेवला. "मोठ्या सुनेचं माहेर कारंज्याचं. असंच आले होते, बारा नंबरची गाडी घेऊन. पुण्यातल्या फ्लॅटचं लग्नानंतर सांगितलं. आता माहा मोठा पोरगा दिवाळीले येते, दोन दिवस गाडी अंगणात उभी रायते, अन् जाते. एक पोरगा त्या नंबरात गेला. हा नाई देत मी." मग, अगदी शांतपणे, "चहा झाला असन त निघा. ऊन वाढून राहिलं."

पप्पांनी पायावरचा पाय खाली घेतला. जुनी गाडी म्हणावं तर सोयऱ्यांपुढे नाक जातं, न म्हणावं तर पोरीचं घर जातं. माझ्या तोंडात सगळं तयार होतं, मुद्देसूद, प्रस्तावनेसकट. पण शपथ होती. आणि खरं सांगायचं तर, सगळ्यांसमोर बापाची गाडी उघडी पाडणं मलाही बरं वाटेना.

पण डिकी न उघडायची शपथ कोणी घातली नव्हती.

"काकू, पेढे डिकीतच राहिले," मी किल्ली उचलली. "तुमच्या हातात द्यायचे होते. येता का जरा?"

पप्पांचा चेहरा पाहून मला कळलं की डिकीत आणखी काय आहे ते त्यांना आता आठवलं. गंगूबाई मात्र गुडघे सावरत आल्या. पेढ्याला नाही म्हणणं त्यांच्याही रीतीत नसावं.

डिकी उघडली. आत ढेपेची, म्हणजे सरकीच्या पेंडीची, दोन पोती, भातकुलीला पोचवायची राहिलेली. त्यांच्यावर म्हशीचं दावं, चिखल वाळलेले गमबूट, आणि या सगळ्यावर पप्पांनी सकाळी मारलेला जाईचा सेंट. पेढ्यांचा डबा कुठंतरी तळाशी होता.

गंगूबाईंनी पोतं दाबलं. बोट नाकाशी नेलं. "सरकीची ढेप हाय. कोण खाते?"

"म्हशी, काकू."

"कोथरूडात?"

मी उत्तर दिलं नाही. माझ्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ असावी. तोवर सगळे बाहेर आले होते. ताई पायरीवर उभी होती आणि पप्पा ढेपेकडे नाही, तिच्याकडे पाहत होते.

"खुशालराव," गंगूबाई म्हणाल्या, "गाडी कोणाची व्हय?"

"आता माहीच हाय, बाई." आवाज एकदम भातकुलीचा झाला. "आंधी पुण्याच्या दाताच्या डाक्टरची होती. जुनी घेतली म्या. तिकडं ना फ्लॅट हाय, ना सोयरं हाय. कोथरूड म्या टीव्हीत पायलं."

"मंग काहून सांगून राहिले होते?"

पप्पांनी थोडा विचार केला. "नंबरासंगं बोलणं बी आलं. चालू करता आलं, बंद करता नाई आलं."

शुभमचे बाबा भिंतीकडे तोंड करून खोकले. त्या खोकल्यात हसण्याचा भाग बराच होता. गंगूबाई मात्र आता ताईकडे वळल्या.

"अन् तू? नेशीन माया पोराले?"

ताईनं ओढणी सोडली. "काकू, मले मातीपरीक्षणाची लॅब टाकायची हाय, इथंच. पुण्यात माती कुठं हाय, सगळं पार्किंग हाय. शुभमले जायचं असन त जाऊ द्या. मी नाई हालत."

शुभमनं तिच्याकडे दचकून पाहिलं. लग्नाआधीच आपल्याला वगळून संसार ठरलेला त्याला दिसला.

गंगूबाईंनी ताईला वरपासून खालपर्यंत पाहिलं, पाटी वाचतात तसं. मग डिकी स्वतःच्या हातानं धाडकन लावली.

"आत चाल. कुंकू लावतो तुले." पायरी चढता चढता त्या थांबल्या. "अन् खुशालराव, साक्षगंधाले यान तवा ही गाडी वेशीबाहेर लावजा. माया डोळ्यांले तो नंबर नाई सोसत."

पप्पा लगेच हो म्हणाले. साखरपुड्याच्या दिवशी वेशीपासून घरापर्यंत नव्या बुटात चालत यायची त्यांची तयारी होती.